पडद्यावरील पान नीट कसे वाचावे? दस्तऐवज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधील दृश्यपद्धती आणि पडद्याची जुळणी



जालना जिल्ह्यातील एखाद्या गावात आज महत्त्वाचा दस्तऐवज घरी येतो, तो बहुतेक वेळा कागदाच्या रूपात येत नाही. सातबाराचा उतारा, शासन निर्णय, मुलांचे पाठ्यपुस्तक, धर्मग्रामाचे पत्रक, गायनमंडळाच्या गीतांची पुस्तिका, हे सारे मोबाइलवर किंवा संगणकावर फाईलच्या स्वरूपात येते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती चष्मा लावून तो पडदा डोळ्यांजवळ नेतात, थोडा वेळ प्रयत्न करतात आणि मग ‘माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, तूच वाचून सांग’ असे म्हणून मोबाइल नातवाच्या हाती देतात. पुष्कळदा दोष डोळ्यांचा नसतो. ते पान ज्या रीतीने पडद्यावर मांडले गेले आहे, ती रीत त्या पडद्याला आणि त्या वाचकाला सोयीची नसते, एवढेच. ती बदलता येते व त्यासाठी संगणकाचे विशेष शिक्षण लागत नाही.

या विषयाला आपल्या जिल्ह्यात एक ताजा संदर्भही आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. त्यानंतर राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन व अन्य जुन्या नोंदी तपासण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे राज्यातील अनेक जिल्ह्यांत जुन्या अभिलेखांची पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आली. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु आजोबा-पणजोबांचे नाव शोधण्यासाठी सामान्य माणसे अशी फिकट, तिरकी, बारीक अक्षरांची पाने पडद्यावर वाचू लागली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पान नीट दिसते की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचे मोठे काम अवलंबून असू शकते.

म्हणून दस्तऐवज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या दृश्यपद्धती असतात, त्या कशा वापराव्यात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

पीडीएफ म्हणजे काय?

असे बहुतेक दस्तऐवज पीडीएफ या प्रकारात असतात. अडोबी या कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये या कल्पनेची रूपरेषा मांडली आणि १९९३ मध्ये पीडीएफ प्रत्यक्ष वापरात आले. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. त्यामुळे आज कोणतीही संस्था पीडीएफ वाचणारे सॉफ्टवेअर तयार करू शकते. अडोबीचे अक्रोबॅट रीडर, फॉक्सिट, सुमात्रा, लिनक्सवरील ओक्युलर व एव्हिन्स ही त्यांतील काही नावे. याशिवाय क्रोम, एज, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरमध्येही पीडीएफ थेट उघडते.

पीडीएफमागील मूळ हेतू असा की, पान जसे तयार झाले तसेच ते सर्वत्र दिसावे. जालन्यात तयार केलेले पान मंठ्यात, मुंबईत किंवा परदेशी असलेल्या मुलाच्या संगणकावर उघडले, तरी ओळी तेथेच तुटाव्यात, तक्ता तसाच राहावा. हा त्याचा गुण आहे आणि वाचताना होणाऱ्या अडचणीचे कारणही तेच आहे. पान ए-फोर आकाराच्या कागदासाठी मांडलेले असते. तो कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो, तर सर्वसाधारण मोबाइलचा पडदा साधारण ७ सेंटीमीटर रुंद असतो. संपूर्ण पान त्या रुंदीत बसवायचे, तर ते एक तृतीयांश करावे लागते. कागदावर १२ पॉइंटांचे असलेले अक्षर मग ४ पॉइंटांएवढे उरते. तरुण डोळ्यांनाही ते वाचणे कठीण असते.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवला, तरी पीडीएफमधील अक्षरे का वाढत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे. ते सेटिंग संदेश, मेनू यांसारख्या मजकुरास लागू होते. पीडीएफचे पान मात्र आपली मांडणी सोडत नाही. त्याचा आकार ते पान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच वाढवावा लागतो.

दृश्य बदलते, दस्तऐवज बदलत नाही

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. ‘व्ह्यू’ या मेनूतील पर्याय वापरून आपण जे बदल करतो, ते केवळ पाहण्याच्या रीतीत होतात. पान मोठे केले, आडवे फिरवले, त्याची पार्श्वभूमी काळी केली, तरी मूळ फाईलमधील एक अक्षरही हलत नाही. भिंतीवरील चित्र जवळून पाहिले किंवा दुरून पाहिले, म्हणून चित्र बदलत नाही, तसेच हे आहे. अनेक ज्येष्ठ वाचक ‘काहीतरी बिघडेल’ या भीतीने कोणत्याच बटणाला हात लावत नाहीत. ती भीती येथे अनाठायी आहे.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. पानावर रंगीत खूण करणे, टिपण लिहिणे किंवा पाने संपादित करण्याच्या साधनाने पान फिरवून फाईल जतन करणे, हे दृश्यातील बदल नव्हेत. ते फाईलमधील बदल आहेत. ज्या दस्तऐवजावर डिजिटल स्वाक्षरी आहे, त्याच्यावर असे काही करू नये. खुणा करायच्या असल्यास त्याची वेगळी प्रत काढून तिच्यावर कराव्यात आणि मूळ फाईल जशीच्या तशी ठेवावी.

पानाचा आकार

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे आकार लहान-मोठा करणे, अर्थात झूम. संगणकावर कंट्रोलची कळ दाबून अधिकचे चिन्ह दाबले की पान मोठे होते. कंट्रोल व वजाचे चिन्ह दाबले की लहान होते. कंट्रोलची कळ दाबून ठेवून माऊसचे चाक फिरवले, तरीही हेच होते. मोबाइलवर दोन बोटे पडद्यावर टेकवून एकमेकांपासून दूर नेली की पान मोठे होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

अक्रोबॅट रीडरमध्ये याखेरीज चार तयार आकार आहेत. कंट्रोल व ० या कळांनी संपूर्ण पान पडद्यात बसते. पानाची एकूण रचना पाहण्यासाठी हे ठीक आहे, वाचण्यासाठी नव्हे. कंट्रोल व १ ने पान त्याच्या मूळ आकारात दिसते. कंट्रोल व २ ने पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीएवढी होते. कंट्रोल व ३ ने पानाच्या कडेचा कोरा समास वगळून केवळ मजकूर पडद्यावर भरतो. रोजच्या वाचनासाठी शेवटचे दोन आकार सर्वांत सोयीचे. त्यांत वाचक फक्त वरून खाली सरकतो. प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे पान ओढावे लागत नाही.

मराठी वाचकाला आकाराची गरज इंग्रजी वाचकापेक्षा अधिक असते. आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, अनुस्वार व रफार असतात. पायाशी उकार असतात. जोडाक्षरांत अक्षरावर अक्षर बसते. पान लहान झाले की प्रथम हे बारीक अवयव पुसट होतात. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत मिसळतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांतील अंतर नाहीसे होते. अंकांतही १ आणि ९ यांची गल्लत होते. जुन्या हस्तलिखित उताऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रतीत ०.८१ हेक्टर असे लिहिले आहे की ०.८९ हेक्टर, हा प्रश्न किरकोळ नाही. तो फरक ८ आर, म्हणजे सुमारे ८ गुंठे जमिनीचा आहे. म्हणून नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि तारीख या चार गोष्टी वाचताना पान अशा आकारात पाहावे, की मात्रा आणि अंक स्पष्टपणे एकमेकांपासून सुटे दिसतील. बाकीचा मजकूर मग सोयीच्या आकारात वाचावा.

पानांची मांडणी

दुसरी सोय म्हणजे एकापुढे एक पाने कशी दिसावीत हे ठरवणे. तिचे प्रामुख्याने चार प्रकार आहेत.

पहिला, एका वेळी एक पान. यात पान संपले की पुढचे पान एकदम समोर येते. अर्ज, प्रमाणपत्र, उतारा अशा एक-दोन पानी दस्तऐवजांसाठी ही पद्धत चांगली.

दुसरा, सलग सरकणारी पाने. यात पाने एकाखाली एक जोडल्यासारखी दिसतात. लांब लेख, शासन निर्णय, वार्षिक अहवाल यांसाठी ही पद्धत सोयीची, कारण पानाच्या शेवटी तुटलेले वाक्य पुढच्या पानावर लगेच वाचता येते.

तिसरा, समोरासमोर दोन पाने. उघड्या पुस्तकाप्रमाणे डावे व उजवे पान एकत्र दिसते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील एखादे चित्र किंवा तक्ता दोन पानांवर पसरलेला असेल, तर तो याच पद्धतीने पाहावा.

चौथा, मुखपृष्ठ वेगळे ठेवून दोन पाने. याचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्याची जोसेफ सालढाणा यांनी संपादित केलेली, रोमन लिपीतील आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूर येथे निघाली आणि तिची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येते. छापील पुस्तकात पहिले पान एकटे उजवीकडे असते आणि जोड्या दुसऱ्या पानापासून सुरू होतात. सॉफ्टवेअरला हे न सांगता दोन पानांची पद्धत निवडली, तर ते पहिले व दुसरे पान जोडून दाखवते. मग पुढील प्रत्येक जोडी चुकते. ‘दोन पानांच्या दृश्यात मुखपृष्ठ वेगळे दाखवा’ अशा अर्थाचा पर्याय व्ह्यू मेनूतील पेज डिस्प्ले या विभागात असतो. तो निवडला की जोड्या मूळ पुस्तकासारख्या जुळतात.

मराठवाड्यातील जुने दप्तर पाहणाऱ्यांनी येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त होईपर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अनेक नोंदी उर्दूत आहेत, तर मराठी नोंदी मोडी लिपीत सापडतात. उर्दू वही उजवीकडून डावीकडे उलटते. तिची पाने डावीकडून उजवीकडे मांडली, तर समोरासमोरची पाने उलट बाजूंना जातात आणि दोन पानांवर पसरलेली एकच आडवी नोंद तुटून दिसते. एव्हिन्ससारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये दस्तऐवज उजवीकडून डावीकडे दाखवण्याची सोय आहे. ती नसेल, तर अशी वही एक-एक पान करूनच पाहावी.

पान आडवे किंवा उलटे स्कॅन झालेले असल्यास मान वाकडी करण्याची गरज नाही. अक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल, शिफ्ट व अधिकचे चिन्ह या तीन कळा एकत्र दाबल्या की दृश्य घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. अधिकच्या जागी वजाचे चिन्ह दाबले की उलट दिशेने फिरते.

वाचनदृश्य आणि पूर्ण पडदा

सॉफ्टवेअरच्या खिडकीत वर आणि बाजूला अनेक पट्ट्या असतात. लहान पडद्याच्या संगणकावर त्या बरीच जागा अडवतात. अक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल व एच या कळांनी वाचनदृश्य सुरू होते. पट्ट्या दूर होतात आणि पान तेवढे राहते. त्याच कळा पुन्हा दाबल्या की सारे पूर्ववत होते. ब्राउझरमध्ये मात्र याच कळा दाबल्यास पूर्वी भेट दिलेल्या पानांची यादी उघडते. म्हणून आपण फाईल कोठे उघडली आहे, हे प्रथम पाहावे.

कंट्रोल व एल या कळांनी पान संपूर्ण पडदा व्यापते. त्यातून बाहेर पडण्यासाठी एस्केपची कळ आहे. मिस्साबलिदानाच्या वेळी किंवा प्रार्थनासभेत भिंतीवर गीते दाखवायची असल्यास ही पद्धत उपयोगी पडते. गीतांची फाईल आडव्या पानांवर, एका पानावर एकच कडवे अशी तयार करावी आणि पूर्ण पडद्यावर बाणांच्या कळांनी पुढे-मागे न्यावी. मागच्या बाकावरील व्यक्तीला अक्षरे दिसतात की नाही, हे आधी त्या बाकावर बसून पाहावे. गायक गात असताना मेनू शोधत बसण्याची वेळ त्यामुळे येणार नाही.

रंग, उजेड आणि अक्षरांची स्वच्छता

पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवरील काळी अक्षरे प्रत्येक डोळ्याला मानवतात असे नाही. मोतीबिंदू असलेल्या अनेकांना पांढरा उजेड पसरल्यासारखा वाटतो व अक्षरांच्या कडा विरघळतात. अशा वाचकांना काळ्या पार्श्वभूमीवरील पिवळी किंवा पांढरी अक्षरे सोयीची वाटू शकतात. काहींना फिकट पिवळसर कागदासारखी पार्श्वभूमी बरी वाटते. कोणती छटा योग्य, हे ज्याचे त्याने दोन-तीन प्रकार पाहून ठरवावे.

अक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल व के या कळांनी प्रेफरन्सेस उघडते. तेथील अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात दस्तऐवजाचे रंग बदलण्याचा पर्याय आहे. त्यात तयार रंगजोड्या आहेत व आपल्या पसंतीचे रंगही निवडता येतात. त्याच खिडकीतील पेज डिस्प्ले या विभागात अक्षरे गुळगुळीत दाखवण्याचा पर्याय असतो. सपाट पडद्यासाठीचा प्रकार निवडल्यास मराठी अक्षरांच्या कडा अधिक स्वच्छ दिसू शकतात. बारीक रेघा ठळक करण्याचा पर्यायही तेथेच आहे. तक्त्याच्या रकान्यांच्या रेघा दिसत नसतील, तर तो सुरू करून पाहावा.

रंग बदलण्याच्या या सोयीला एक मर्यादा आहे. अक्रोबॅट रीडर केवळ मजकुराचे आणि रेघांचे रंग बदलते. स्कॅन केलेले पान हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मजकूर नसून एक छायाचित्र असते. त्यावर या पर्यायाचा परिणाम होत नाही. त्यासाठी संपूर्ण पानाचे रंग उलटे करण्याची सोय लागते. एव्हिन्समध्ये ती कंट्रोल व आय या कळांनी मिळते. ओक्युलरमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात मिळते. फिकट शाईची जुनी नोंद उलट्या रंगांत कधी कधी अधिक उठून दिसते. विंडोज संगणकावर विंडोजची कळ व अधिकचे चिन्ह दाबल्यास पडद्यावरील भिंग सुरू होते. त्यातही रंग उलटे करता येतात. विंडोजची कळ व एस्केप दाबले की ते भिंग बंद होते.

मजकुराची नवी जुळणी आणि मराठी अक्षरांचा प्रश्न

अक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल व ४ या कळांनी रिफ्लो ही पद्धत सुरू होते. यात पानाची मूळ मांडणी बाजूला ठेवून मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने ओळींत बसवला जातो. दोन-तीन रकान्यांत छापलेला लेख वाचताना ही सोय बरी. पण तक्त्यांसाठी तिचा वापर करू नये. रकाने मोडतात आणि एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा आकडा आल्यासारखे वाटू शकते. स्कॅन केलेल्या पानावर ती चालत नाही, कारण तेथे जुळवण्यासाठी मजकूरच नसतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टांत मराठी मजकूर टाइप होत असे. त्यांत पडद्यावर अक्षर मराठी दिसते, परंतु फाईलमध्ये त्याच्या जागी रोमन अक्षराचा सांकेतिक क्रमांक असतो. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द टाइप करून शोध घेतला, तर तो सापडत नाही. युनिकोडमध्ये तयार केलेल्या फाईलमध्येही जोडाक्षरांचा शोध कधी कधी चुकतो. स्कॅन केलेल्या पानात तर शोध घेण्यासारखा मजकूर नसतोच.

म्हणून ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शोधाच्या चौकटीत नाव लिहिले आणि ‘सापडले नाही’ असे उत्तर आले, म्हणजे त्या दस्तऐवजात ते नाव नाही, असे सिद्ध होत नाही. मतदारयादी असो की जुनी नोंदवही, पाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. यंत्राच्या एका उत्तरावर विसंबून एखाद्या कुटुंबाने आपला अर्ज सोडून देऊ नये.

फाईल उघडल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसली, तर ती तयार करणाऱ्याने तिच्यात फॉन्ट अंतर्भूत केलेला नाही, असे बहुधा समजावे. हा दोष वाचणाऱ्याच्या सेटिंगने सहसा दूर होत नाही. फॉन्ट अंतर्भूत करून फाईल पुन्हा पाठवावी, अशी विनंती पाठवणाऱ्याला करावी. आपल्या धर्मग्रामांची पत्रके तयार करणाऱ्यांनीही ती युनिकोड फॉन्टमध्ये करावीत, म्हणजे वाचणाऱ्याला त्रास होणार नाही.

स्कॅन केलेल्या पानाची मर्यादा

अक्रोबॅट रीडरमध्ये पान ६४०० टक्क्यांपर्यंत मोठे करता येते. परंतु मोठे करणे म्हणजे अधिक दिसणे नव्हे. कागद स्कॅन करताना दर इंचात किती ठिपके टिपले गेले, त्यावर सर्व काही अवलंबून असते. ३०० ठिपक्यांनी टिपलेले पान साधारण संगणकाच्या पडद्यावर सुमारे ३०० टक्क्यांपर्यंत नवा तपशील दाखवत राहते. १५० ठिपक्यांचे पान १५० टक्क्यांच्या आसपास आपले सर्वस्व दाखवून मोकळे होते. त्यापुढे केवळ ठिपके मोठे होतात. त्यांत नवे काही उगवत नाही.

अशा वेळी पुसट चौकोनांतून आपल्याला हवे ते अक्षर वाचण्याचा मोह होतो. तो टाळावा. अक्षर स्पष्ट नसेल, तर ‘स्पष्ट नाही’ असेच लिहून ठेवावे आणि संबंधित अभिलेख कक्षातून मूळ नोंदीची प्रमाणित प्रत मागावी. लिपी मोडी किंवा उर्दू असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावी. दृश्यपद्धती डोळ्यांना साहाय्य करतात. लिपीचे ज्ञान त्या देऊ शकत नाहीत.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा

गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. पहिल्यात जमिनीच्या हक्काची नोंद असते, दुसऱ्यात पिकांची. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा पीडीएफ स्वरूपात घेता येतो. त्याचा तक्ता रुंद आणि रकाने अरुंद असतात. मोबाइलवर पाहताना मोबाइल आडवा धरावा, पान रुंदीला बसवावे आणि मग एकेक रकाना मोठा करून वाचावा. कपाशी, सोयाबीन किंवा मोसंबीच्या बागेची नोंद आपल्या समजुतीप्रमाणे आहे की नाही, हे तेव्हाच कळते. इतर अधिकारांचा रकाना अनेक जण वाचतच नाहीत. बोजा किंवा निर्बंध त्याच रकान्यात लिहिलेले असतात, म्हणून तो अवश्य मोठा करून पाहावा.

अशा फाईलवरील स्वाक्षरीच्या ठिकाणी कधी प्रश्नचिन्ह दिसते. ते पाहून उतारा खोटा आहे असे लगेच मानू नये. ज्या प्रमाणपत्राने स्वाक्षरी केली आहे, त्याच्यावर विश्वास असल्याची नोंद आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तरी तसे चिन्ह येते. संगणकावरील अक्रोबॅट रीडरमध्ये स्वाक्षरीवर क्लिक करून तिचा तपशील पाहता येतो. मोबाइलवरील अनेक वाचक सॉफ्टवेअरे ही तपासणी करतच नाहीत. ती केवळ चित्र दाखवतात. याउलट, स्वाक्षरीनंतर दस्तऐवजात बदल झाला आहे अशी सूचना आली, तर ती गांभीर्याने घ्यावी आणि उतारा नव्याने काढावा.

एकदा केलेली जुळणी टिकवावी

प्रत्येक वेळी नव्याने सर्व करावे लागू नये, यासाठीही सोय आहे. अक्रोबॅट रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्ले या विभागात नेहमीची मांडणी व नेहमीचा आकार ठरवून ठेवता येतो. डॉक्युमेंट्स या विभागात, फाईल पुन्हा उघडल्यावर मागील दृश्य कायम ठेवावे, असा पर्याय असतो. तो निवडला की वाचन जेथे थांबले होते, तेच पान समोर येते. नव्या आवृत्त्यांत मेनूंच्या जागा बदलल्या आहेत. म्हणून मेनूपेक्षा कळा लक्षात ठेवणे अधिक सोयीचे. मोबाइलवरील अक्रोबॅट रीडरमध्येही सलग पाने, एक पान आणि रात्रीचे दृश्य हे पर्याय दृश्याच्या चिन्हावर बोट ठेवल्यास मिळतात.

वाचकहो, ही सारी माहिती एकाच दिवशी पाठ करण्याची आवश्यकता नाही. घरातील तरुणांनी ज्येष्ठांसाठी दहा मिनिटे काढावीत. त्यांच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर, त्यांना आवडणारी एखादी फाईल उघडावी. पान रुंदीला बसवून द्यावे, डोळ्यांना मानवेल असा रंग त्यांनाच निवडू द्यावा आणि मोठे करण्याची कृती त्यांच्या बोटांनी दोन-तीन वेळा करवून घ्यावी. दुसऱ्याने वाचून दाखवलेले ऐकणे आणि स्वतः वाचणे यांत फार अंतर आहे. आपल्या जमिनीचा उतारा, आपल्या नातवंडाचा धडा, आपल्या धर्मग्रामाचे पत्रक स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणे, यात माणसाचे स्वावलंबन आणि सन्मान आहे.

आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर विसंबण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रथम संपूर्ण पान पाहून ते कशाचे आहे, कोणत्या तारखेचे आहे, हे समजून घ्यावे. नंतर पान रुंदीला बसवून आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे. शेवटी नाव, क्रमांक, क्षेत्र व तारीख मोठी करून अक्षर-अक्षर तपासावी. एवढे केले, तर पडद्यावरील पान कागदावरील पानाइतकेच विश्वासाने वाचता येईल.